कळ

ग्युमरीच्या शाळेच्या तळघरात बावीस लॅपटॉप आले
जर्मनीतल्या कुठल्याशा मोडीत निघालेल्या विमा कचेरीतून.
झाकणांवर अजून चिठ्ठ्या होत्या: खोली ३०४, खोली ३०६.
आम्ही त्यांवर लिनक्स चढवलं. बाहेर बर्फ, आत एकच हीटर.

बाकी सगळ्या कळा शहाण्या.
आवाजाची आवाज वाढवते, उजेडाची उजेड उतरवते.
एकच, वरच्या ओळीत उजवीकडून दुसरी,
जिच्यावरचं चित्र कुणाच्या तरी अंगठ्याने झिजवलंय
आणि उरलीय नुसती तिरपी रेघ,
ती दाबली की काही होत नाही.

काही होत नाही, असं आपण म्हणतो.
कर्नलच्या वहीत मात्र तेवढ्यात नोंद पडलेली असते,
सेकंदाचे बारीक तुकडे करून वेळ टाकलेली:
अनोळखी कळ दाबली गेली.
संकेत ई-शून्य-सात-एक.
हिला नावारूपाला आणायचं असेल
तर या आकड्यापुढे दुसरा आकडा लिहा.

श्मावोन हीटरवर मोजे वाळवत होता.
पूर्वी मोज्यांच्याच कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा.
म्हणाला, परत वाच. नावारूपाला? यंत्र असं बोलतं?
मी परत वाचलं.
मग म्हणाला, आपली अक्षरं तरी काय, आकडेच होती.
आयब म्हणजे एक, बेन म्हणजे दोन,
चर्चच्या दगडावरचं साल वाच एकदा.

आकड्यांची यादी लांबलचक.
१४२ झोप. १५५ टपाल.
२४० अज्ञात, म्हणजे अज्ञातालाही घर दिलंय.
आणि १५२ चं नाव: कॉफी.
नाझेली इतकी हसली की टेबल हललं.
सातवीतली पोर, संध्याकाळी घरी जायचं टाळते.
कॉफी म्हणजे पडद्याला कुलूप, मी सांगितलं.
उठता उठता कुणीतरी ठेवलं असेल नाव,
हातात रिकामा कप घेऊन.

१५२ लिहिलं.
खिडकीपर्यंत पोचताना त्याचे १६० होतात,
मधे कुणीतरी आठ मिळवतं. दलाली समजायची.
कुलूप नंतर, आधी चाचणी.
नाझेलीने कळ दाबली
आणि हात कोटाच्या खिशात घातला.
खिडकीत १६०.
१६०.
१६०. १६०. १६०. १६०.
रांग थांबेचना.

बोट उचललं होतं.
उचलल्याची खबर आली नव्हती.
काही कळा अशा असतात, दाबल्याचं सांगतात,
सुटल्याचं सांगत नाहीत,
आणि यंत्र बिचारं समजतं की हात अजून तिथेच आहे.

श्मावोनने मोजे उलटवले.
डिसेंबरपासून, म्हणाला.
कुठल्या सालचा डिसेंबर ते बोलला नाही.
या गावात सांगावं लागत नाही.

जरा कळ काढा, मी म्हटलं, यावर तोडगा आहे.
नावाच्या आधी एक उद्गारचिन्ह द्यायचं.
म्हणजे, खबर येवो न येवो,
आपणच धरून चालायचं की सुटली.
थाप आहे मग, तो म्हणाला.
मी म्हटलं, आहे.
तो बराच वेळ पडद्यावरच्या त्या चिन्हाकडे बघत राहिला.
आपलं शब्दाच्या आत बसतं, स्वराच्या डोक्यावर, म्हणाला.
हे दाराबाहेरच उभं आहे.

फाइल जतन केली. नाझेलीने दाबली.
एकच १६०. मग पडदा काळा, कुलूप.
श्मावोन उठला, पितळी जझ्वे हीटरवर ठेवला,
साखर विचारली नाही.

नवव्या लॅपटॉपवर ती कळच नव्हती.
टोपी कधीच निघून गेलेली, नुसता खड्डा, तळाशी रबराचा बोंड.
नाझेलीने काडेपेटीतली काडी घेतली,
गुल नसलेल्या बाजूने आत दाबली.

वहीत नोंद आली.